शेषेरावाचं गरीब इंजिन

पिकअप गाडीत कोणतं डिझेल इंजिन बसवायचं, हे कंपनीत कसं ठरतं, असं कुणी लातूरजवळच्या मुरुडात विचारलं तर एक माणूस छाती पुढं काढून सांगायचा, "माझ्या तोंडानं." लोक हसायचे. पुढं ते खरंच निघालं, आणि तिथंच शेषेरावाचा घोटाळा झाला.

शेषेराव मुळात बैलाच्या घरातला. बाप हेडी होता. हाळीच्या बाजारात लोकांचे बैल पारखून द्यायचा, सौदा जमवून द्यायचा. बैलाच्या तोंडात हात घालून दात बघायचा, शेपूट पिरगाळायचा, मग दोन पावलं मागं सरून एकच शब्द टाकायचा. तेवढ्यावर दावं या हातातून त्या हातात जायचं. शेषेरावाच्या वाट्याला जमीन थोडकी आली, बैल तर आलेच नाहीत, पण बापाचे शब्द सगळे आले. बैल जाऊन गाड्या आल्या तेव्हा त्यानं शब्द बदलले नाहीत, नुसतं जनावर बदललं. कुणी नवीन गाडी आणली की हा बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहायचा, दोन पावलं मागं सरायचा आणि म्हणायचा, "बुजरं हाय." नाहीतर, "खांदा चांगला हाय, पर खोडील निघंल." महिन्याभरात गाडी गॅरेजात गेली तर शेषेराव साऱ्या गावाला आठवण करून द्यायचा. नाही गेली तर स्वतःच विसरून जायचा. पारखी माणसाला विसरणं यावंच लागतं.

इंजिनाचं वेड त्याला लावलं ते भूकंपानं. किल्लारीकडं जमीन हलली आणि देशभरातनं ट्रक आले. शेषेरावाकडं तेव्हा तीनचाकी डिझेल टेम्पो होता. चिखलात मोठा ट्रक अडला की त्यातली मदत टेम्पोत उतरवायची आणि ती हा आत गावात न्यायचा. पाव, कंदील, ताडपत्र्या, लोकरीचे कोट. एकदा एक गठ्ठा सोडला तर त्यात गळ्यातले टाय. ज्याच्या घराला भिंत राहिली नाही त्यानं टाय कुठल्या खुंटीला टांगावा, हा विचार पाठवणाऱ्यानं केला नसावा. पण वाया काही गेलं नाही; म्हाताऱ्यांनी त्या टायांनी शेरडं बांधली. माल उतरेपर्यंत शेषेराव पंजाबापासून तामिळनाडूपर्यंतच्या ट्रकांची बॉनेटं उघडून बघायचा. तिकडं सरकारी माणसं पडलेल्या घरांची मोजदाद करायची, इकडं हा इंजिनांची.

त्याच भूकंपात त्याची बायको कस्तुराबाई माहेरी भिंतीखाली सापडली. गणपतीला म्हणून गेली होती. बाहेर काढली तेव्हा कपाळाला खोक, तोंडात माती. थुंकली आणि पहिला सवाल केला, "म्हैस निघाली का?" म्हैस निघाली नव्हती. थोरला भाऊही नव्हता. रडली ती नंतर कधीतरी, आणि ते तिनं कुणाला बघू दिलं नाही.

मुरुडला परतली ती कैक दिवस घरात झोपली नाही. अंगणात पत्र्याखाली पडायची. पुढं थंडी वाढली, तशी आत आली; वळकटी मात्र दाराशीच टाकायची. पण अंगात एक गोष्ट बसली ती बसलीच. फळीवरची भांडी वाजली की तिचे पाय तिला न विचारता अंगणात जायचे, हातात असेल ते घेऊन. कधी परात, कधी नुसतं पिठाचं बोट.

आणि भांडी रोज वाजायची, कारण भिंतीला खेटून शेषेरावाचा टेम्पो उभा असायचा. पहाटे दूध आणि जेवणाचे डबे घेऊन त्याला लातूर गाठावं लागायचं. इंजिन चालू झालं की आधी टेम्पो हलायचा, मग भिंत, मग फळी, मग फळीवरचे पितळी डबे आणि मग कस्तुराबाई. ती एकटीच नव्हे. भूकंपानंतर साऱ्या गल्लीचेच कान हलके झालेले. शेजारचा लिंबाजी, पंक्चरवाला, एकदा अंगाला साबण लावलेला तसाच पंचा धरून रस्त्यावर आला आणि ओरडला, "शेषेराव, एक दिवस खरा भूकंप व्हईल आन आमी म्हणू, आपला शेषेराव लातूरला निघाला वाटतं. झोपूनच मरू!"

शेषेराव वरवर हसायचा. पण अंगणात थरथरत उभी राहिलेली बायको मागं टाकून रोज निघायचं हे त्याच्या जिवाला लागायचं. तसं त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही. बैलाच्या घरातला माणूस बैलाच्या पोटदुखीवर तासभर बोलेल, बायकोच्या भीतीवर बोलायला त्याच्याकडं शब्दच नसतो.

टेम्पो सोडायचीही सोय नव्हती. भूकंपानंतर लातूरला दुसरा हादरा बसला, तो शिकवण्यांचा. गुणवत्ता यादीत लातूरची पोरं ओळीनं यायला लागली आणि पार नायगाव-देगलूरपासून मायबाप पोरांना घेऊन लातूरच्या वाटेला लागले. पहिल्या हादऱ्यानं माणसं घराबाहेर काढली होती, दुसऱ्यानं गावाबाहेर काढली. ज्याच्या घरात एक न्हाणी रिकामी तो तिला खोली म्हणायला लागला. जून लागला की शेषेरावाची खेप ठरलेली: खाट, गादी, कुकर, कूलर, पोरगं, आणि पोराला करून घालायला पोराची आई. बाप गावातच. वाटेत पोरगं पुस्तक वाचायचं, आई रडायची, आणि टेम्पोच्या खडखडाटात दोघांचं एकमेकाला ऐकू यायचं नाही, हे बरंच होतं.

अशात पुण्याकडच्या एका गाडी कंपनीला नवी पिकअप काढायची होती. गाडीचा सांगाडा तयार, इंजिनं दोन तयार, पण कोणतं बसवायचं यावर साहेबांत दोन तट. एका इंजिनात डिझेल आधी एका लहानशा खोलीत पेटायचं आणि मग मोठ्या खोलीत यायचं. त्याचा आवाज मऊ, हादरा कमी, पण पिणं जास्त. दुसऱ्यात डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर पडायचं. ओढ जबर, पिणं कमी, पण खडखड अशी की ड्रायव्हरनं उतरताना स्वतःचे दात मोजून घ्यावेत. इंजिनवाले साहेब म्हणत, गिऱ्हाईक ॲव्हरेज बघतं. विक्रीवाले म्हणत, गिऱ्हाईक दिवसभर त्या खोक्यात बसतं, त्याच्या कमरेचा विचार करा. धुराचे नवे नियम यायचे होते, सुटे भाग कुठं मिळतील ते बघायचं होतं, एक टनाच्या गाडीत हे लोक दोन टन भरतात हेही कंपनीला माहीत होतं, फक्त कागदावर कबूल नव्हतं. सगळे तक्ते झाले आणि काटा नेमका मध्येच उभा राहिला. तेव्हा वरचे साहेब म्हणाले, गाडी वापरणाऱ्यालाच विचारा.

मग जागोजागचे ड्रायव्हर निवडायचं ठरलं. मुरुडात कंपनीच्या माणसांनी विचारलं की गाडीत सगळ्यात जास्त माल कोण भरतो. स्टँडवरच्या लोकांनी एका तोंडानं शेषेरावाचं नाव सांगितलं. हा मान होता की चुगली, ते आजवर कळलेलं नाही.

आलेली माणसं दोन. अपूर्वाबाई विक्री खात्यातल्या, पुण्याच्या. बोलणं एकदम धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. दुसरा अंबरीश, इंजिनिअर, आपल्याच नांदेडचा. बाप मास्तर, पोरगं विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकलेलं. पुण्यात नोकरीला लागल्या लागल्या हे पोरगं एकदा 'जेवतोय' म्हणायच्या जागी म्हणालं, "मी जेवण करून राहिलो." त्यावर टेबलावरचे चार जण हसले. "जेवण करून राहिलास? कुठं राहिलास?" त्या दिवसापासून अंबरीशनं जीभ घासायला घेतली. वर्षभरात ती इतकी गुळगुळीत केली की घरी फोन केला तर आई म्हणायची, कोण बोलतंय? आता कंपनीनं त्याला इकडं पाठवला तो 'तिकडची भाषा येते' म्हणून, आणि पोराची सगळी खटपट चाललेली ती येत नाही हे दाखवायची.

अंबरीशनं समजावून सांगितलं, "काका, दोन गाड्या देणार आहोत. आधी पांढरी, मग निळी. एकेक महिना चालवा. रोजच्यासारखाच माल भरा."

"रोजच्यासारखा म्हंजे खरा रोजच्यासारखा का कागदावरला?"

"खरा," अंबरीश म्हणाला आणि बाईंकडं बघून जरासा खोकला.

"आन इंजिन कोणतं हाय आत?"

"ते सांगता येत नाही. बॉनेटला सील आहे."

शेषेरावाला हे फार आवडलं. दात न बघता बैल पारखायचा! बापालाही कधी असा डाव मिळाला नव्हता.

पांढरी गाडी आली. पहिल्याच पहाटे शेषेरावानं सवयीनं ती भिंतीला खेटून लावलेली होती. किल्ली फिरवली, इंजिन लागलं, आणि मान वळवून अंगणाकडं बघितलं. अंगणात कुणी नाही. क्षणभर वाट पाहिली. कुणीच नाही.  पडली बिडली का काय ही? इंजिन तसंच चालू ठेवून तो घरात धावला. कस्तुराबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

"काय झालं?" ती म्हणाली. "गेले न्हाई का अजून?"

"तू भाईर कामून आली न्हाईस?"

"कशाला येऊ? गाडी सुरू तर करा आधी."

"सुरू हाय की!"

कस्तुराबाईनं कान दिला. भाकरी तव्यावर टाकली. फळीकडं बघितलं. डबे गप होते. मग म्हणाली, "मंग उभं काय राहिलात? दूध नासंल."

त्या महिन्यात कस्तुराबाईनं वळकटी दारापासून उचलली आणि मधल्या खोलीत नेली. एवढीच गोष्ट. पण शेषेरावानं ती पाहिली आणि त्या दिवशी लातूरला डबे देताना एका मास्तराच्या बायकोला सांगितलं, "वहिनी, हे जनावर म्या सोडणार न्हाई." ती म्हणाली, डब्यातल्या भाजीत मीठ जास्त आहे ते घरी सांगा.

मग पांढरी गेली, निळी आली. निळी सुरू झाली आणि पितळी डबा फळीवरून उडी मारून खाली आला. कस्तुराबाई काठवट घेऊन अंगणात. लिंबाजी रस्त्यात, अर्धा गाल साबणाचा, हातात वस्तरा. समोरची उमाबाई नातवंडाला उलटं धरून. कुत्रीसुद्धा ओट्याखालून निघून मोकळ्या जागेत जाऊन बसली.

"शेषेराव," लिंबाजी म्हणाला, "तुझा जुना टेम्पो नुसता उठवत व्हता. ही तर धक्के मारून काढायली!"

निळी चढावर दोन टन घेऊन जीप मागं टाकायची, डिझेलही कमी लागायचं. शेषेरावाला ते दिसत होतं. पण वळकटी परत दाराशी आली होती, तेही दिसत होतं. त्याच्या हिशेबी निकाल लागला होता.

महिना संपला तशी कंपनीची माणसं मत घ्यायला आली. ओट्यावर सतरंजी टाकली. लिंबाजी आणि बाकीची गल्ली समोर उभी. अपूर्वाबाईंनी सांगितलं की 'कोणतं घ्याल' असं थेट विचारायचं नाही, असा कंपनीचा नियम आहे. थेट विचारलं की गिऱ्हाईक विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देतं. त्याला मोकळेपणानं बोलू द्यायचं.

"तर काका, पांढऱ्या गाडीचं इंजिन कसं वाटलं? तुमच्या शब्दांत सांगा."

तुमच्या शब्दांत! शेषेरावाचा बाप असता तर त्यालाही भरून आलं असतं. शेषेराव उठला. ओट्यावर जागा नव्हती तरी दोन पावलं मागं सरला.

"गरीब हाय."

बाईंचं पेन थांबलं. "गरीब?"

"लई गरीब. इतकं गरीब इंजिन म्या माझ्या जल्मात पाहिलं न्हाई."

आता आमच्याकडं बैल गरीब म्हणजे काय, हे शेंबड्या पोराला ठाऊक. ज्याच्या पायातनं लेकरू रांगत गेलं तरी पाय उचलत नाही, बाईमाणसानं कासरा धरला तरी मान हलवत नाही, तो गरीब. आमच्याकडं सोयरीक जमवतानाही म्हणतात, पोरगा गरीब आहे. म्हणजे घरी चाळीस एकर असली तरी दारू पिऊन मारत नाही. बाजारात याहून मोठा शब्द नाही. पण अपूर्वाबाईंच्या भाषेत गरीब म्हणजे ज्याच्याकडं काही नाही तो. गरीब गाय त्यांनीही शाळेच्या पुस्तकात वाचली असेल; पण ओट्यावर बसून, हातात पेन धरून, इंजिनात गाय बघायचं कुणाला सुचतं?

"डिझेल किती लागतं?" त्यांनी विचारलं.

"पितंय जरा जास्ती. पर पिणारा गरीब असला तर घरात खपतो."

"म्हणजे गरीब आहे आणि वर पितंही जास्त."

"हाव!" शेषेराव खुशीत म्हणाला. बाईंना पटलं असं त्याला वाटलं.

आतून कस्तुराबाईचा आवाज आला, "अवो, भांड्याचं सांगा की त्यास्नी!"

"तू चहा बघ," शेषेराव म्हणाला. पुण्याच्या बाईपुढं, अख्ख्या गल्लीपुढं, माझी बायको भांडं वाजलं की पळते, असं कसं सांगायचं? "कायी न्हाई, बायामाणसाचं आपलं कायतरी."

"आणि निळ्या गाडीचं?"

शेषेरावानं तोंड वाकडं केलं. "जालीम!"

"जालीम?" बाईंचा चेहरा उजळला. आमच्याकडं जालीम म्हणजे मारकं जनावर; त्यांच्या घरी जालीम म्हणजे औषध. एका गोळीत ताप उतरतो ते.

"एकदम जालीम. पैल्या दिशीच सुरू केली, तर सारी गल्ली भाईर आली."

"बघायला?"

"आता भाईर आल्यावर बघणारच की, बाई."

गल्ली हसली. बाई भराभर लिहीत होत्या. मधेच त्यांना कसली तरी शंका आली. माणूस हुशारच होत्या त्या. पेन थांबवून त्या अंबरीशकडं वळल्या. "अंबरीश, तू इकडचा. 'गरीब' म्हणजे इथं वेगळं काही नसतं ना?"

अंबरीशच्या घरी, नांदेडला, लहानपणी एक गाय होती. तिच्या पोटाखाली बसून त्यानं पाढे पाठ केलेले. तो शब्द त्याला जितका ठाऊक होता तितका शेषेरावालाही नसेल. पण तो सांगायचा म्हणजे गाय आली, गोठा आला, आणि त्यामागनं ते जेवण करून राहणंही आलं असतं. लिंबाजी बघत होता, शेषेराव बघत होता, बाई बघत होत्या.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "गरीब म्हणजे गरीबच."

"हाव, गरीब म्हंजे गरीबच!" शेषेरावानं मान डोलावली. आपलं पोरगं आपल्या बाजूनं बोललं याचं त्याला कौतुक वाटलं.

त्यानंतर शेषेरावाचे दिवस फार चांगले गेले. स्टँडवर, लातूरच्या डब्यांच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, जिथं तिथं तो सांगायचा, "कंपनी माझ्या तोंडाकडं बघून इंजिन बसवायली." लिंबाजी म्हणायचा, "मंग तोंड जरा धुवत जा." पण लिंबाजीनं स्वतःच पुतण्याची गाडीखरेदी त्याच्या भरवशावर थांबवून ठेवली होती. कस्तुराबाईनं एकदाच विचारलं, "पांढरीच येणार का?"

"बाईनं लिवून घेतलं की."

"काय लिवून घेतलं?"

"जे म्या सांगितलं ते."

"तुमी काय सांगितलं?"

"आता तुला इंजिनातलं काय कळतंय?" शेषेराव म्हणाला. तिनं पुढं विचारलं नाही. नवीन गाडीच्या भरवशावर त्यानं टेम्पो भंगारात दिला, आणि टेम्पो गेला त्या दिवशी गल्लीनं त्याला हार घातला. टेम्पोला.

बाकी ठिकाणचे ड्रायव्हर निम्मे इकडं, निम्मे तिकडं झाले होते. मुरुडचा कौल तेवढा ठाम होता. त्यानं काटा पडला. कंपनीनं इंजिन ठरवलं ते खरोखरच शेषेरावाच्या तोंडानं.

गाडी बाजारात आली तेव्हा लातूरला मोठा मांडव टाकला. जिल्ह्यातली पहिली गाडी शेषेरावाला, हे कंपनीनं आधीच कळवलं होतं. शेषेराव फेटा बांधून गेला, कस्तुराबाई नवं लुगडं नेसून, आणि सोबत गल्ली. मांडवाच्या तोंडाशी माणसाच्या दुप्पट उंचीचा फलक. त्यावर शेषेरावाचा फोटो, बॉनेटवर हात, आणि खाली ठळक अक्षरात: 'जालीम! – शेषेराव, मुरुड.'

फोटो एवढा मोठा होता की शेषेरावाला आधी अक्षरं दिसलीच नाहीत. लिंबाजीनं वाचली. "शेषेराव, हे तर तू त्या निळीला म्हणला व्हतास."

"छापणाऱ्याची चूक," शेषेराव म्हणाला. पण त्याचा आवाज खाली गेला.

पडदा सरला. गाडी लाल रंगाची होती, त्यामुळं रंगावरून काही कळेना. पूजेला कस्तुराबाईच्या हातात ताट दिलं. तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. कंपनीचे साहेब म्हणाले, "आता सुरू करा." कंपनीच्या ड्रायव्हरनं किल्ली फिरवली.

पहिल्या खडाक्याला मांडवाच्या खुर्च्या थरथरल्या. कस्तुराबाई ताटासकट मांडवाबाहेर, आणि मुरुडची गल्ली तिच्यामागं, चपला तिथंच टाकून. फोटोवाल्याला वाटलं की इकडं बायका ताट घेऊन धावायची काहीतरी रीत असणार, म्हणून तोही मागं पळाला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

शेषेराव तेवढा गाडीपाशी उभा राहिला. फेट्याचं शेपूट इंजिनाच्या तालावर हलत होतं. मग तो मांडवामागं गेला. तिथं अंबरीश पाण्याच्या जारपाशी उभा होता, जणू कुणी आपल्याला शोधत येणार हे माहीत असल्यासारखा.

"तू नांदेडचा ना, साहेब?"

"हो."

"घरी गाय व्हती का कधी?"

अंबरीशनं ग्लास खाली ठेवला. "होती, काका."

"कशी व्हती?"

 खाली बघून तो म्हणाला, "गरीब व्हती."

"मंग?"

"मॅडमनी विचारलं तवा तोंडातून निघालंच न्हाई."

शेषेरावाच्या ओठावर त्याला सुनवायचे शब्द आले होते, बाजारातलेच, आणि ते बापानं दिलेल्यांतले उत्तम होते. पण तेवढ्यात मांडवाच्या कनातीपलीकडून कस्तुराबाईचं बोलणं ऐकू आलं. ती लिंबाजीला सांगत होती, "म्या म्हणलं व्हतं त्यास्नी, भांड्याचं सांगा. तर म्हणले, चहा बघ."

शेषेरावानं तोंड मिटलं. अंबरीशनंही ते ऐकलं होतं. दोघं एकमेकांकडं न बघता पाणी प्यायले. मग आतून माईकवर शेषेरावाच्या नावाचा पुकारा झाला. हार घालायला.

टेम्पो भंगारात गेलेला. दुसऱ्या दिवशीचे डबे कबूल केलेले. फलकावर फोटो. गाडी घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि 'शेषेरावानं सांगितलं' म्हणून मुरुडात आणखी पाच-सात जणांनी तीच घेतली, लिंबाजीच्या पुतण्यानंही. गाडी उगाच वाईट म्हणता येत नव्हती. ओढायची, पुरायची, डिझेल कमी प्यायची. ज्याच्या घरी कुणी भिंतीखाली सापडलं नव्हतं तो मजेत होता.

पहिल्या रात्री शेषेराव म्हणाला, "गाडी स्टँडवर लावीन. चालत जाईन तितवर."

"आन चोरानं टायर न्हेले म्हंजे?" कस्तुराबाई म्हणाली. "एवढ्या दुधाच्या घागरी स्टँडवर काय डोक्यावर न्हेणार? दारातच लावा."

"तुला तरास व्हईल."

ही गोष्ट लग्नापासून तो पहिल्यांदाच बोलला होता. कस्तुराबाईनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. "मला तरास ती सुरू झाल्यावर हाय," ती म्हणाली. "उभी असल्यावर काय, उभीच हाय. मोठ्या रस्त्यावर न्हेऊन सुरू करा."

"आन तिथपतूर कशी न्ह्यायची?"

"ढकलत."

नवीन पिकअप दुधानं आणि डब्यांनी भरली की एका माणसाला काही ढकलत नाही. दोघांनाही नाही. गल्लीला चढ आहे. पहिल्या पहाटे नवरा-बायको खेटत होती तोवर लिंबाजी उठून आला. उठून पळण्यापेक्षा उठून ढकलणं बरं, असं त्यानं जाहीर केलं. मग उमाबाई आली, मग बाकीचे. आठवड्याभरात बसलं अंगवळणी. शेषेराव स्टिअरिंगला, गल्ली मागं, आवाज कुणी करायचा नाही. लिंबाजीच्या पुतण्याची गाडी त्यानंतर.

दिवाळीच्या आसपास अपूर्वाबाई फोटोवाला घेऊन पहाटेच आल्या. पुढच्या जाहिरातीला, कोवळ्या उजेडात, कष्टाळू गिऱ्हाईक आणि त्याची गाडी असं चित्र त्यांना पाहिजे होतं. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मोटार थांबवली तर समोरून त्यांची लाल पिकअप येत होती. इंजिन बंद, दिवे बंद, आणि मागं पदर खोचलेल्या बाया, बनियनवरचे बाप्ये.  अपूर्वाबाई धावत खिडकीपाशी आल्या.

"काका, काय झालं? सुरू होत नाही का?"

"व्हतीया की," शेषेराव स्टिअरिंग धरून म्हणाला. "व्हतीया म्हणूनच तर ढकलायलाव."

बाईंना काही उलगडेना. त्यांनी मागं बघितलं, या वेळी सोबत अंबरीश नव्हता. फोटोवाला कॅमेरा धरून उभा. हे काढायचं की नाही, त्याला कळेना.

मागून, गाडीच्या मागच्या फळीला खांदा लावलेली कस्तुराबाई म्हणाली, "बाई, चढ हाय, बोलायला दम न्हाई. हात लावायचा तर लावा, न्हाईतर बाजूला सरा."

अपूर्वाबाई बाजूला सरल्या. गाडी त्यांच्यासमोरून चढ चढून गेली.